पॉझिटिव्ह

आईच्या पांढऱ्या पेशी फार वाढल्या म्हणून रक्त तपासायला मुंबईला पाठवलं होतं. रिपोर्ट आला, तर ओळीओळीला ‘पॉझिटिव्ह’. तेव्हा आमच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यात या शब्दाचा एकच अर्थ होता, एड्स. बाबा दिवसचे दिवस बोटीवर असायचे. आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. वसईच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत, आणि मला दोघांचाही राग आला.

डॉक्टर म्हणाले, “बावट्यावरून बोट कुठली ते ओळखता ना? पेशींवरही तशी प्रथिनं असतात. पॉझिटिव्ह म्हणजे बावटा दिसला. कुठली पेशी बिघडलीय ते त्यावरून कळतं.”

“म्हंजे ते नाय ना?” बाबांनी विचारलं.

“ते नाही.”

आई हसली. बाबांनी हात जोडले. डॉक्टर मात्र कॅन्सरच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला लागले. कुठली पेशी बिघडलीय, हे आम्ही अजून विचारलंच नव्हतं.