सॉरीचं मराठी

शेळ्यांसाठी काम करणाऱ्या ऑफिसात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक शेळ्यांचे केस, दुसरे किस्से. केस निदान कपड्यांना चिकटून माझ्यासोबत येतात. किस्से मात्र जळकोटहून तेरला माझ्याआधी पोचतात. सुट्टीला घरी गेले, तर आईनं दारातच विचारलं, "तू प्रिंटरला सॉरी म्हणलीस म्हणं?"

म्हणाले होते. कागद अडकला, तो खर्रर्र करून ओरडला, मी दचकले आणि तोंडातून निघून गेलं. दचकले की मी सॉरी म्हणते. त्यात सहा महिन्यांच्या ट्रायलवर होते. कायम करायचं की तेरच्या एसटीत बसवून द्यायचं, ते सरांच्या सहीवर! त्यामुळे दार वाजलं तरी सॉरी.

प्रिंटरच्या वेळी आमच्या शकुंतलाताई लसीकरणाची यादी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघ बरं, लई लागलं का त्याला!"

त्या दिवसापासून मला नाद लागला. सॉरीच्या जागी ही बाकीची मंडळी काय म्हणतात? कारण ऑफिसात सॉरी म्हणणारी मी एकटीच. चुका मात्र सगळेच करतात!

*

इरण्णामामा आमची जीप चालवतात. घरात कानडी, रस्त्यावर मराठी, आणि गाडी बंद पडली की दोन्ही.

एकदा त्यांनी जीप मागं घेतली ती थेट शकुंतलाताईंच्या जेवणाच्या डब्यावर. स्टीलचा डबा, त्याची पार ताटली झाली. मामा खाली उतरले, वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आगली बिडु."

म्हणजे, होऊ दे, सोड.

ताई उसळल्याच. "अहो, हे मी म्हणायचं असतंय! चूक तुमची, अन् सोड बी तुम्हीच म्हणायलात?"

"मग म्हणा की," मामा म्हणाले. "कोण अडवलंय?"

*

शकुंतलाताईंची स्वतःची तऱ्हा वेगळी. त्यांची चूक झाली की आधी समोरच्यालाच बोलणी बसतात. एकदा माझा निरोप सरांना द्यायला विसरल्या. मी नुसतं "ताई, निरोप..." म्हणाले, तर कडाडल्या, "मग दोनदा सांगायचं न्हाय व्हय?" मीच सॉरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेला एक धपाटा. सोबत शेंगदाण्याची चटणी. शब्द एक नाही.

हळूहळू हिशेब कळला. निरोप विसरल्या तर एक धपाटा. माझी छत्री बसमध्ये विसरून आल्या तर दोन. मग एका सोमवारी आले, तर टेबलावर पाच धपाटे! वर दह्याची वाटी!!

मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "ताई, काय केलंत?"

"खा आधी."

"ताई, सांगा ना!"

"उमरग्याच्या एका मुलाला तुझा फोटो धाडलाय. रविवारी बघायला यायलेत. दही घे की!"

*

आणि सर. सरांकडे या शब्दाचं मराठीच नाही. वरिष्ठांना लिहायचं झालं तर "तांत्रिक कारणास्तव." आम्हाला तर तेवढंही नाही.

एकदा दुपारी सर जेवायला घरी गेले आणि सवयीनं बाहेरून कुलूप लावून गेले. आम्ही तिघं आत. फोन केले, तर सरांचा फोन आतच, टेबलावर वाजतोय. मी खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना सॉरी, सॉरी म्हणत हाका मारतेय, तर ते हात हलवून पुढं जातायत!

दीड तासानं कुलूप निघालं. मामा, ताई आणि मी दाराशी ओळीनं उभे. आता तरी म्हणतील!

सरांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ऑफिसच्या वेळेत दारात काय उभं राहायलात?"

*

आता माझी चूक सांगते. ट्रायलचा शेवटचा आठवडा होता. मी जीपमध्ये बसून टॅबवर शेळ्यांची नोंद करत होते. कानातल्या टॅगचा नंबर शोधायचा आणि पुढं जिवंत की मृत ते दाबायचं. एका मेलेल्या शेळीपुढं मृत दाबायला गेले, तेवढ्यात मामांनी हॉर्न मारला, मी दचकले, बोट वरच्या ओळीवर पडलं.

वरच्या ओळीत एका वस्तीवरच्या ठकूबाईंची चंद्री होती. चांगली धडधाकट, काळीभोर, लांब कानांची.

मृत दाबलं की मेसेज आपोआप जातो. मालकिणीला आणि बचत गटाच्या सगळ्या बायांना. "आपली शेळी चंद्री हिच्या निधनाबद्दल कळून अतीव दुःख झाले." खाली नाव सरांचं. वरून इंग्रजीत आलेल्या मजकुराचं हे मराठी मीच केलं होतं, आणि मला ते फार छान जमलंय असं वाटलं होतं!

वस्तीवर बाया भेटायला आल्या. ठकूबाईंची लेक रडत रडत दुखवट्याचं जेवण घेऊन आली. त्यातल्या दोन भाकरी चंद्रीनंच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईंचा निरोप आला. "आमच्या वस्तीत एकाबी शेरडाला सुई लावू देणार न्हाय. मेलेल्यांना लस कशाला?" आणि अख्खी वस्ती त्यांच्या बाजूनं उठली.

सर मला म्हणाले, "शनिवारपर्यंत ही वस्ती पूर्ण झाली नाही, तर मी सही करणार नाही."

*

शनिवारी दुपारी आम्ही चौघंही वस्तीवर गेलो. लसीचा डबा, त्यात वितळत चाललेला बर्फ. ठकूबाई गोठ्यापुढं चंद्रीची दोरी धरून उभ्या. मागं दारादारांत बाया.

मी जीपमधून उतरता उतरताच सुरू केलं. "सॉरी आजी, खरंच सॉरी, माझं बोट..."

"तुझं ऱ्हाऊ दे पोरी. तू आल्यापासनं दोन डाव म्हणलीस. मोबाइलवर नाव कुणाचं हाय?"

मामा सरांकडे बघायला लागले. ताईही. माझी नजर तिकडं जाऊ नये म्हणून मी जमिनीकडे बघितलं.

सर खाकरले. "त्याचं असं आहे आजी, तांत्रिक कारणास्तव..."

"मला काय सांगायलात सायब? मला कुठं मारलंय तुमी? जिला मारलंत तिला सांगा!"

सरांनी बर्फाच्या डब्याकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग पँट वर ओढून चंद्रीपुढं उकिडवे बसले. चंद्री रवंथ करत होती. सर इकडंतिकडं बघून एकदम हळू म्हणाले, "सॉरी."

"इंग्रजी कळत न्हाय तिला," ठकूबाई म्हणाल्या.

सरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मराठीत काय म्हणतात याला?"

सहा महिने मी दुसरं काय शोधत होते! पण इतकी दचकले की सगळं उडून गेलं. कसंबसं म्हणाले, "चु... चुकलं माझं, सर."

"चुकलं माझं," सर म्हणाले.

"नाव घिऊन म्हणा."

"चंद्री, चुकलं माझं."

ठकूबाईंनी मागच्या बायांना हातानं खूण केली. दारांतल्या बाया हसत हसत आपापल्या शेळ्या सोडायला वळल्या. ताईंनी डबा उघडला. मामांनी यादी काढली. पहिली सुई भरलीसुद्धा!

सर अजून उकिडवेच होते. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आजी, उठू का आता?"

ठकूबाईंनी चंद्रीच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"थांबा की सायब. इचार करायलीय ती."