बिनबॅटरीची अँबेसेडर

मिलला कुलूप लागलं तेव्हा सेठजींनी थकलेल्या पगाराच्या बदल्यात आपली खटारा अँबेसेडर ड्रायव्हर दगडूच्या गळ्यात मारली. तो ती टॅक्सी म्हणून चालवू लागला. पैसे वाचवायला त्यानं मेलेली बॅटरी बदललीच नाही. रोज सकाळी बायको जया धक्का मारी अन् दगडू सेठजींना शिव्या घाली.

एकदा स्नेहलतागंज मोहल्ल्यात तो गाडी बंद करून सवारीची वाट बघत होता. समोरच सेठजींची नवी कोरी गाडी बिघडली.

"दगडू, जरा घरी सोड."

सवयीनं त्यानं मागचं दार उघडून धरलं. सेठजी ऐसपैस बसले. स्वतःच्याच हाताचा संताप येऊन दगडूची कानशिलं तापली.

"उतरा, सेठजी. गाडी तुमचीच देन आहे. जया रोज मारते तो धक्का आज तुम्ही मारा."