‘कुठं निघालात?’ विचारणारं गाव

ईरा, निहार,

आम्ही निघालो त्या सकाळी जीप दारात उभी होती, बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या आणि मी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला होता. तेवढ्यात शेजारची नवी सून हसत म्हणाली, “काकू, कुठं निघालात?” माझ्या जाऊबाई, म्हणजे तुमच्या मोठ्या आजी, तिच्यावर खेकसल्या, “कावून विचारलं गं? जाणाऱ्याला कुटं म्हणतेत का? लांब का, म्हणावं!” पोर कावरीबावरी झाली. मी पाय मागे घेतला, आत जाऊन बसले, घोटभर पाणी प्याले आणि मग पुन्हा निघाले. जीपमधून तुमचे आजोबा ओरडत होते, “आगं, इमान काय थांबतंय व्हय आपल्यासाठी?”

जन्मभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं. शकुन-अपशकुन खरे नसतात, हेही त्याच वर्गात सांगितलं. तरी तो ‘कुठं’ पाठीवर घेऊन घराबाहेर पडायची माझी हिंमत नाही. याला माझे वडीलही कारण आहेत. चकलांब्याला त्यांची शेती होती आणि ते म्हणायचे, “विचारणारा उगं विचारत न्हाई. आपून शेतात न्हाई हे त्याला कळलं, की बांध सरकला म्हून समज.” त्यांचा बांध खरोखरच दोनदा सरकला होता. म्हणून मी त्यांना कधी हसले नाही.

आपल्या बीड जिल्ह्याला घर सोडणं नवं नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आम्ही निघालो तेव्हा त्या परतत होत्या. ट्रॅक्टरवर भांडी, शेळ्या, उन्हानं काळवंडलेली माणसं. आम्हीही उसाच्याच मागे चाललो होतो, फक्त समुद्र ओलांडून. आजोबा माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर त्यांना जावा बेटावरच्या एका जुन्या कारखान्यानं बोलावलं. आपल्याकडचं गाळप संपतं तेव्हा इथलं सुरू होतं. माझी अट एकच होती: एक हंगाम बघायचा. मला पटलं तर राहायचं, नाही तर दोघांनीही परत यायचं. त्यांनी मान हलवली, पण इतकी पटकन की मला तेव्हाच शंका आली.

हे गाव लहान आहे. लाल कौलांची बसकी घरं, झाडून लख्ख केलेली अंगणं, एक मशीद, भाताची खाचरं. पलीकडे ऊस आणि उसातून गेलेले डचांच्या काळातले अरुंद रूळ. आभाळ निवळलं की सकाळी ज्वालामुखी दिसतो, त्याच्या टोकाशी धुराची बारीक रेघ. लोक त्याच्याकडे पाठ करून खुशाल कपडे वाळत घालतात. आपल्याकडे कालव्याला पाणी कधी सुटणार यावरून डोकी फुटतात. इथं घरामागून पाट रात्रंदिवस वाहतो आणि कुणी त्याच्याकडे बघतही नाही. मला तेही जरा संशयास्पदच वाटलं.

पण खरा संशय होता तो समोरच्या बाईचा. इथं मोठ्या बाईला ‘बू’ म्हणतात आणि मोठ्या पुरुषाला ‘पाक’. आमच्या समोर बू वार्नी राहतात. पुढच्या पडवीत त्यांचं चहाचं आणि तळणाचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर नजर आमच्या दारावर. पहिल्याच दिवशी मी पिशवी घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी कढईवरून मान वर करून विचारलं, “माउ के माना, बू?” येताना शिकलेल्या चार शब्दांवरून अर्थ लावला आणि मी जागच्या जागी थिजले. कुठं निघालात! मी घरात परत गेले, बसले, पाणी प्याले, पुन्हा बाहेर आले. बू वार्नींनी पुन्हा विचारलं. त्या दिवशी मी तीन वेळा पाणी प्याले आणि शेवटी पिशवी खुंटीला टांगली.

पुढे कळलं की सगळेच विचारतात. न्हावी विचारतो, सायकलवर गवताचा भारा नेणारा माणूस विचारतो, मशिदीच्या पायरीवर बसलेले म्हातारे विचारतात. शकुनाचं पाणी मी किती पिणार? मग मी वडिलांचा मार्ग धरला: खरं सांगायचंच नाही. कुणीही विचारो, मी म्हणायचे, “पासार,” म्हणजे बाजार. टेलरकडे जाताना बाजार, पाटावर जाताना बाजार. बीडहून आणलेलं मोठं कुलूप दाराला घालायचे आणि ओढून बघायचे. बू वार्नी त्या कुलपाकडे बघून हसायच्या. हसण्यात काय होतं ते मला कळत नव्हतं. दर आठवड्याला कुणाच्या तरी घरचा विधी होऊन भात आणि अंड्याचा डबा दारात यायचा. ओळख ना पाळख, हे का देतात? मी तो गुपचूप मागच्या कोंबड्यांना घालायचे. त्या कोंबड्या बू वार्नींच्याच आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

हंगाम संपत आला. कारखान्यानं आजोबांना विचारलं, राहणार का? त्यांना राहायचं होतं. माझं उत्तर ठरलेलं होतं आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. तो आठवडा आम्ही एकमेकांशी फक्त भाजीबद्दल बोललो.

त्याच आठवड्यात सुटीच्या दिवशी ते दुपारी फिरायला गेले आणि चहाच्या वेळेला परतले नाहीत. फोन चार्जरला लावलेला. त्यांना मधुमेह आहे आणि रुसलेला माणूस जेवतोही कमी. मी फाटकात उभी राहिले. बू वार्नींनी नेहमीसारखं विचारलं, कुठं? मला वाक्य जुळेना. “पाक... तिदाक आदा,” एवढंच म्हणाले, म्हणजे साहेब नाहीत.

बू वार्नींनी कढई उतरवली आणि रस्त्यात उभं राहून हाक दिली. न्हाव्यानं दुकानातून ओरडून सांगितलं: मी विचारलं होतं, पाक म्हणाले पुलाकडे. आम्ही पुलाकडे गेलो. तिथं गवतवाला म्हणाला: मलाही सांगितलं, पाटाचा दरवाजा बघायला चाललोय. दरवाजापाशी आजोबा झाडाला टेकून बसले होते. अंग घामानं निथळत होतं, जीभ अडखळत होती; साखर उतरली होती. बू वार्नींनी पदराच्या गाठीतून काढावा तसा कमरेच्या पिशवीतून ताडाच्या गुळाचा खडा काढला आणि त्यांच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं त्यांची नजर ठिकाणावर आली. पहिलं वाक्य काय असावं? “लई चांगला गूळ हाय गं. आमच्या कारखान्यात असा कधी न्हाई झाला.”

घरी आल्यावर मी विचारलं, “तुम्ही सगळ्यांना खरं सांगत होता?”

“मग? इचारतेत, सांगतो. तू काय सांगतीस?”

मी कुठं पडले असते तर सगळं गाव मला बाजारात शोधत राहिलं असतं.

आम्ही अजून एक हंगाम राहतोय. मोठ्या आजींना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तिथं कोन हाय तुमचं?” मी म्हटलं, समोरची बाई. हल्ली मी बू वार्नींना खरं सांगते. त्यातलं निम्मं त्यांना कळायची गरज नाही, असं मला अजूनही वाटतं. आमच्या अंगणातल्या शेवग्याचा पाला कोण ओरबाडून नेतं, तेही मला माहीत आहे. शेंगा मात्र तशाच ठेवतात, म्हणून बोलत नाही. आपल्या गावात कुणावर कशासाठी नजर ठेवायची हे मला पाठ होतं. इथंही आता हळूहळू पाठ होतंय, आणि झोप बरी लागते. आपण परतलो नाही तर कुठल्या रस्त्यानं शोधायला निघायचं हे जिथं कुणाला तरी माहीत असतं, त्या जागेला मी या वयात घर म्हणते.

तुमच्या मजल्यावर समोरच्या दारात कोण राहतं, हे मी मागच्या व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि विषय बदलला. मला ते आवडलेलं नाही. जाऊन दार वाजवा, आणि नाव मला कळवा.

तुमची आजी