रामदेवरायाचं नाणं

जयवंत परब सोन्याच्या नाण्यांपायी वाया गेला, असं लालबागेत त्याची बायको बकुळाच सांगत फिरायची. खोटं नव्हतं ते. इस्पितळातली कारकुनी संपली की गडी निघालाच नाण्यांच्या मागे. सत्तावीस वर्षांत देवगिरीच्या यादवांची तीन नाणी जमली, तीही बकुळाच्या पाटल्या मोडून. सिंघण, कृष्ण आणि महादेव. वाटीसारखी खोलगट, मधोमध कमळ, कडेला राजाचं नाव. पेटीतला चौथा खळगा रामदेवरायासाठी रिकामा होता.

आणि तो रामदेवराय निघावा कुणाकडे, तर वरळी कोळीवाड्यातल्या लहूकडे! शाळेपासूनचा दोस्त, सगळा जन्म बोटीवर गेलेला, यादव कोण याचा पत्ता नाही. आई वारल्यावर तिच्या पेटाऱ्यात लुगड्याच्या गाठीत मिळालं म्हणे. एका हातात सोड्यांची पुडी, दुसऱ्या हातात नाणं, असा तो दारात उभा राहिला.

जयवंतने भिंग लावलं. 'श्रीराम' ही अक्षरं लख्ख दिसली आणि त्याच्या पोटात दुखलं. दात आहेत त्याला चणे नाहीत, दुसरं काय! आपण चपला झिजवायच्या आणि ह्याच्या पदरात आयतं पडायचं?

"खरं हाय का रं? तू म्हणशील ते," लहू म्हणाला.

"सोनं खरं, नाणं नक्कल. कुण्या सोनाराने हौसेने ठोकलंय."

लहूचा चेहरा जरासा उतरला. नाणं खिशात टाकून, चहा पिऊन तो गेला. लगेच मागितलं तर संशय यायचा. थोड्या दिवसांनी आठवण म्हणून मागून घेऊ, असं जयवंतने ठरवलं. रोज तो रिकामा खळगा पुसायचा आणि लहूच्या नशिबावर जळायचा. असा महिना गेला, आणि लहूच्या मुलाच्या, मितेशच्या लग्नाचं बोलावणं आलं.

मांडवात लहूने नव्या सुनेला, प्राचीला, जयवंतच्या पाया पडायला लावलं. ती वाकली आणि मंगळसूत्राच्या दोन कोऱ्या वाट्या पुढे लोंबल्या.

"तेच सोनं," लहू कौतुकाने म्हणाला. "खरं असतं तर तुझ्या पेटीत ठेवायला देणार होतो. दोस्ताला खोटं कशाला द्यायचं? म्हणून आटवलं."

जयवंतने आशीर्वादाला हात उचलला. रामदेवराय गेला तो गेलाच, आणि आता मेल्या जयवंतला त्या पोरीच्या गळ्याचाही हेवा वाटत होता.