पान लागलं

मुलांनो, हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. तुमच्या बाबांना तर नाहीच. त्यांच्या कपाटावर दोन वेण्यांच्या मुलीचा फोटो आहे ना? "ही सुगंधा, माझी राखीची बहीण," एवढंच ते तुम्हाला सांगतात. त्यांना तेवढंच माहीत आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुगंधा मुरबाडकडची, सिद्धगडाखालच्या पाड्यावरची. शाळेसाठी शहापूरला आमच्याकडे राहायची. मी सगळं जागच्या जागी ठेवणारी, ती सगळं हलवणारी. एकदा म्हसा गावच्या जत्रेतून बैलाच्या गळ्यातली घंटा घेऊन आली.

"बैल कुठे आहे आपल्याकडे?"

"काका हायेत ना! जेवायला बोलवाया होईल."

आजोबांना हसून हसून ठसका लागला. मला मुलगी नव्हती — ती आल्यावर तसं वाटेनासं झालं.

शाळेत तिला कुणी हसू नये म्हणून मी तिची भाषा सुधारायची. ‘नाय’ म्हणाली की ‘नाही’, ‘आमी’ म्हणाली की ‘आम्ही’. मायेनंच ना? — असं मी स्वतःला किती वर्षं सांगावं?

श्रावणातल्या एका दुपारी ती घरामागे टाकळ्याची भाजी खुडायला गेली. मी कपाट आवरत होते. ती लगेच परत आली, मनगट धरून.

"काकू, मना पान लागलं."

मला वाटलं, कसल्याशा पानानं खाज सुटली. मी वळूनही पाहिलं नाही — हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. "पान लागत नाही, खाजतं म्हण. हात धू."

"नाय काकू, पान लागलं —"

"नाही म्हण."

"नाही, काकू," ती म्हणाली. शुद्ध. आणि भिंतीला टेकून बसली.

मी कपाट आवरत राहिले. थोड्या वेळानं पाहिलं तर तिच्या पापण्या मिटत होत्या. झोप आली असेल, वाटलं. शेजारीण आली, मनगट बघून किंचाळली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सुगंधा संपली होती.

शेजारणीनंच मग मला सांगितलं — सापाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून इकडच्या पाड्यांवर साप चावला की पान लागलं म्हणतात.

तोवर डॉक्टरांनी मला विचारून झालं होतं, "काही बोलली का?" मी नाही म्हटलं होतं. तेव्हा तरी मला अर्थ ठाऊक नव्हता. पण रात्र व्हायच्या आत तिची आई आली. "बाई, काय बोलली का वो माझी पोर?" तेव्हा ठाऊक होता. तरी मी म्हटलं — काही नाही. एक शब्द नाही.

ती कपाळ बडवायला लागली. "मीच सांगलेलं तिला, मोठ्यांच्या घरात कुरकूर करू नको. मीच मुकी केली पोरीला."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी तिला पाणी दिलं.

पुढे दर दिवाळीला मी पाड्यावर साडी घेऊन जायचे. दरवेळी ती तेच म्हणायची, आणि मी तिचा हात हातात घेऊन ऐकायचे. लोक म्हणत, बाईंनी किती जीव लावला!

काही वर्षांनी तीही गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिची भावजय म्हणाली, "शेवटपर्यंत एकच धरून होती — मीच मुकी केली पोरीला."

मी मान हलवली. त्यांनी दिलेला चहा प्यायले आणि शहापूरची एसटी धरली.