चार नंबरचा खण

मास्तर सकाळी फार्मवर आले की आधी पिल्लांची ढुंगणं बघायचे. माणसांची तोंडं नंतर. समोर शेठ उभे असोत नाहीतर सरकारी साहेब, मास्तर सरळ खणाच्या कठड्यावर ओणवे व्हायचे आणि एकेका पिल्लाच्या शेपटीखाली नजर टाकत पुढे सरकायचे. सगळं कोरडं दिसलं की मगच वळून म्हणायचे, "हां, बोला. नमस्कार." नोकरीच्या पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा कुडता घालून, पशुवैद्यकीच्या पदविकेची फाइल छातीशी धरून उभी होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं तोवर दहा मिनिटं होऊन गेली होती. "तोंड कुणीही चांगलं ठेवतं, डॉक्टर," ते म्हणाले. "जनावर खरं काय ते मागून सांगतं."

बदलापूरच्या पुढे, वस्ती संपते तिथे आमचं वराहपालन होतं. मालक कॅम्प पाचमध्ये दुकान असलेले शेठ. मास्तर विठ्ठलवाडीच्या एका चाळीतले. शाळेत ते कधी शिकवायला गेले नव्हते. उभा जन्म आनंदनगरच्या एका केमिकल कारखान्यात मिक्सिंग खात्यात गेला, कारखाना बंद पडला आणि ते इथे आले. खिशात कायम खडू असायचा म्हणून मास्तर. दूध तोडलेल्या पिल्लांचे चार खण त्यांच्याकडे होते आणि प्रत्येक खणाच्या दाराला त्यांनी एक पाटी टांगली होती. खाद्य किती, पाणी किती, कोण खोकलं, कोण रुसलं, सगळं तिच्यावर. कुणीही काहीही केलं तरी ते ज्याने केलं त्यानेच लिहायचं, असा त्यांचा नियम होता. मला आधी हे पोरकट वाटायचं. घरी माझे मामेभाऊ मला 'डुकरांची डॉक्टर' म्हणून चिडवायचेच, त्यात हा पाटी-खडूचा वर्ग.

खाद्य कालवण्याची त्यांची एक पद्धत होती. चिमूटभर पावडर थेट पोत्यात टाकलेली त्यांना खपायची नाही. आधी मूठभर भरड्यात, मग ती मूठ घमेल्यात, मग घमेलं पोत्यात. "नाहीतर एका पिल्लाला सगळं आणि दहा उपाशी," असं म्हणत ते खोऱ्याने ढीग उलटापालटा करत. पोटाला चांगल्या असलेल्या जिवाणूंचं पाकीट गार पाण्यातच विरघळवायचं. एकदा घाईत मी कोमट पाणी घेतलं तर माझ्या हातातली बादली त्यांनी काढून घेतली. "जिवंत आहेत ते. तुला कुणी चटके दिले तर चालेल?" शेवटी कालवलेल्या खाद्याची चिमूट जिभेवर ठेवून ते डोळे मिटत. आंबट लागलं की मान हलवत. मला हे बघवायचं नाही.

हा सगळा खटाटोप पिवळ्या पावडरीच्या जागी होता. पूर्वी आमच्याकडे दूध तोडलं की प्रत्येक पिल्लाला, आजारी असो नसो, खाद्यातून अँटिबायोटिक जायचं. मास्तरांचा त्यावर राग होता. "रोजच घेतलं तर ते औषध कसलं? ज्या दिवशी खरंच लागेल त्या दिवशी ते काय करणार?" त्यांचं म्हणणं साधं होतं. आईपासून तुटलेल्या पिल्लाच्या पोटात आंबटपणा कमी असतो, दाणा पचत नाही, मग घाणेरडे जंतू माजतात आणि हगवण लागते. तर पोट आंबट ठेवायचं, चांगले जिवाणू सोडायचे, ओव्याचा आणि लसणाचा अर्क द्यायचा, खाद्य थोडं थोडं घालायचं आणि जमीन कोरडी ठेवायची. शेठ दोन वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. पण मग बिनऔषधाचा माल मागणारा एक खरेदीदार आला आणि शेठना मास्तर आठवले.

"मास्टर, एक बॅच," शेठ म्हणाले. "चारों खण में दवा का एक दाना नहीं जाना चाहिए. पंधरा दिवसांनी पार्टी येईल, तुम्ही कागदावर सही करायची. गडबड झाली तर पिवळी पावडर पुन्हा चालू, और आप घर." मास्तर "चालेल" म्हणाले. त्या वयात दुसरी नोकरी मिळणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

चव्वेचाळीस पिल्लांचं दूध तोडलं. चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी मास्तर कॅम्प पाचच्या गोदामातून पोती आणायला टेम्पो घेऊन गेले होते आणि दुपारी माझ्यासमोर चारही खणांत हगवण सुरू झाली. चार नंबरच्या खणात सगळ्यांत लहान पिल्लं होती. त्यांतली तीन कोपऱ्यात थरथरत पडली होती. मी मास्तरांना फोन लावला, लागला नाही. मला भीती वाटली, आणि भीती पिल्लांसाठी होती तेवढीच स्वतःसाठीही होती. माझ्या हाताखाली बॅच मेली असं सगळे म्हणतील. कपाटात मागच्या वेळची पिवळी पावडर उरली होती. ती मी चार नंबरच्या पाण्यात कालवली. बाकीच्या खणांकडे वळणार तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न ऐकू आला आणि मी पाकीट कुडत्यात लपवलं.

मास्तरांनी खण बघितले. घाबरलेले दिसले नाहीत. खाद्य निम्मं केलं, मीठ-साखरेचं पाणी ठेवलं, ओला पेंढा काढून कोरडा घातला, उबेचे दिवे खाली ओढले. मग चार नंबरच्या पाण्याच्या पांढऱ्या भांड्यापाशी ते थांबले. भांड्याच्या काठाला पिवळी रेघ होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, बोट पँटला पुसलं आणि खिशातला खडू काढून माझ्यापुढे धरला. "लिहायचं काही राहिलंय का, डॉक्टर?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी खडू परत खिशात ठेवला.

दोन दिवसांत चारही खण सावरले. चार नंबर एक दिवस आधी, एवढाच फरक. म्हणजे मी पावडर घातली नसती तरी पिल्लं जगलीच असती, हे मला रोज तीन खणांत धडधडीत दिसत होतं. मास्तर रोज सकाळी चार नंबरच्या पाटीसमोर येऊन उभे राहायचे, खडू माझ्यापुढे धरायचे आणि मी मान फिरवली की पुढे जायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी स्वतःला समजावत होते की मी लिहिलं तर नोकरी मास्तरांची जाईल, म्हणजे मी त्यांनाच वाचवतेय. एकदा त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, "आजारी जनावराला औषध देणं पाप नाही गं." मी भांडी घासत राहिले.

पंधराव्या दिवशी शेठ खरेदीदाराच्या माणसाला घेऊन आले. पिल्लं बघून तो खूश झाला. एकही मेलं नव्हतं. त्याने कागद काढला, शेठनी आपलं पेन मास्तरांच्या हातात दिलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

"तीन खणांची सही करतो," मास्तर म्हणाले. "चार नंबरला औषध गेलंय."

"किसने दिया?" शेठ ओरडले.

"खण माझ्या ताब्यात होते."

"और मुझे आज बता रहे हो? पार्टी के सामने?"

दहा दिवस ते माझी वाट बघत थांबले होते, हे ते सांगू शकले असते. सांगितलं नाही. खरेदीदाराच्या माणसाने तीन खण मान्य केले, चौथा वगळला आणि सौदा झाला. शेठनी मास्तरांना मात्र काढून टाकलं, आणि आपला डबा नि छत्री घेऊन ते त्याच संध्याकाळी फाटकातून गेले.

तीन दिवसांनी मी शेठच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. खूप धैर्य केलं असं कुणी म्हणू नये, मला झोपच येत नव्हती. शेठनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "मग तू जा. मास्टर को वापस बुलाता हूँ." त्यांनी माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पोरगी तिथेच आहे?" शेठ म्हणाले, "निकाल रहा हूँ उसको." तेव्हा मास्तर हसले. "मला नाही जमणार, शेठ. आनंदनगरला एका खाद्याच्या कंपनीत लागलो कालच. पगार पण बरा आहे. खण तिलाच द्या, तिला सगळं येतं. आता ती लपवणार पण नाही."

अशी मी राहिले. पुढच्या बॅचला पाचवा दिवस आला तेव्हा कपाटात पिवळं पाकीट होतं आणि मी दोन दिवस रिकाम्या हातांनी खणांसमोर उभी होते. मास्तर किती घाबरले असतील हे मला तेव्हा कळलं. बॅच निघाली. मी आनंदाने त्यांना फोन केला, म्हटलं, "मास्तर, फक्त दोन गेली." 'शाबास' ऐकायची माझी तयारी होती. "दोन?" ते म्हणाले. "आणि औषध कपाटातच होतं?"

त्या रविवारी पेढे घेऊन मी विठ्ठलवाडीला गेले. मास्तर भाजी आणायला गेले होते. काकूंनी पाणी दिलं. मी विचारलं, "नवीन कंपनीत कसं चाललंय त्यांचं?"

"कुठली कंपनी?" काकू म्हणाल्या. "चार महिने घरीच आहेत गं. या वयात कोण घेतंय?"

पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवरच राहिला. खोट्या कागदावर सही न करणाऱ्या माणसाचं ते एकच खोटं मला माहीत आहे, आणि माझी नोकरी आजही त्याच्यावरच चालली आहे.