राउटरवरचा सहावा

शेजारच्या काकांना मी त्यांच्या जावयासमोर चोर ठरवलं. चूक पूर्णपणे माझी होती, हे आधीच कबूल करतो.

काका म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मेहकरला आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि सकाळचा चहा ते कित्येक वर्षं माझ्याच ओट्यावर घ्यायचे.

त्या सुट्टीत मी एक नवी विद्या शिकलो होतो. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एनमॅपची कमांड टाकली, की घरच्या वायफायला जोडलेलं एकेक यंत्र रांगेत दिसायचं. मी हौसेनं बायकोला बोलावून त्या रांगेत तिचा मोबाइल दाखवला. "तो माझ्या हातात आहे," ती म्हणाली.

राउटर, लॅपटॉप, टीव्ही, दोन मोबाइल. पाचांची ओळख पटली. सहाव्यापुढे मात्र नुसतं 'अननोन'. मी पाळत ठेवली. सहावा सकाळी हजर, दुपारी हजर, दिवेलागणीला गायब. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि काका? तेही दिवसभर ओट्यावर मोबाइल बघत बसायचे आणि अंधार पडता पडता चौकात गप्पांना जायचे. माझा पंचनामा पूर्ण झाला!

तेवढ्यात धाड गावाहून काकांचे जावई आले. सकाळी चहा पिताना काका त्यांना मोबाइलवर कुस्ती दाखवत होते.

"मामा, काय फास्ट चालते हो तुमचं नेट!" जावई म्हणाले.

"चालनच ना," मी हसत म्हणालो, "फुकटचं वायफाय फास्टच चालते."

कुणीच हसलं नाही. काकांनी अर्धा कप खाली ठेवला. "कोणाच्या फुकटावर जगलो नाही मी," एवढं बोलून ते उठले.

मी तरीही पासवर्ड बदलला. सहावा खरोखरच नाहीसा झाला, आणि मी बरोबरच होतो याची मला खात्री पटली. काका चहाला यायचे बंद झाले.

दोन दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, सोलरचं ॲप काऊन शून्य दाखवून राह्यलं?"

गच्चीवरचं सोलर! त्याचा इन्व्हर्टर आमच्याच वायफायवर होता. ऊन आलं की जागा व्हायचा, मावळलं की झोपायचा. त्याला नवा पासवर्ड दिला, कमांड टाकली. सहावा परत हजर.

"म्हणजे सूर्यानं चोरलं तुमचं वायफाय," बायको म्हणाली. "आता जा तिकडं."

एकट्या काकांची माफी मागणं सोपं होतं. पण अपमान जावयासमोर झाला होता. जावयांची मोटारसायकल पुन्हा काकांच्या दारात दिसेपर्यंत मी थांबलो, आणि दिसल्याबरोबर गेलो.

"काऊन बे, आज काय तपासाले आला?" काका म्हणाले.

"काही नाही काका. ते माह्या गच्चीवरचं सोलर होतं." मग मी जावयांकडे वळलो. "जावईबापू, मी तुमच्या सासऱ्यावर खोटा आळ घेतला. तुमच्यासमोर घेतला, म्हणून तुमच्यासमोरच सांगतो. काका, मले माफ करा."